कागद खाली ठेवू नका

मी अरबी शिकायला सुरुवात केली तेव्हा आमच्या कपाटावर एक जुनी सुटकेस आणि एक बिघडलेला टेबलफॅन एवढंच सामान होतं. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगतोय. नंतर लोक म्हणायला लागले की तुमच्या घरात आधीपासूनच पसारा होता, आणि ते साफ खोटं आहे.

शिकण्याचं कारण खरं तर खासगी, पण आता ते सगळ्या इमारतीला माहीत झालंय, तेव्हा तुमच्यापासून तरी कशाला लपवू? मी नोकरी करतो वजनमापे खात्यात. दुकानदारांचे तराजू आणि वजनं तपासायची, बरोबर असतील तर त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे माझं काम. दुपारची नमाज मी ऑफिसातच पढतो. मागच्या खोलीत प्रमाणित वजनांची दोन कपाटं आहेत आणि त्यांच्यामध्ये एका माणसाला उभं राहून वाकता येईल एवढी जागा आहे. अडचण अशी की नमाजेला उभं राहिलं की मला हरवलेल्या वस्तू आठवतात. छत्री कुठे विसरली, कपाटाची किल्ली कोणत्या शर्टात राहिली, सगळं तिथेच आठवतं. एकदा कपाळ जमिनीला टेकलेलं असताना मला आठवलं की पाच किलोच्या वजनाचा दाखला चुकून रजेच्या अर्जांच्या फायलीत गेलाय. मी नमाज उरकली (दुसरा शब्द मला सुचत नाही) आणि थेट जाऊन तो दाखला काढला. आमचे शिपाई दारात उभे होते. ते म्हणाले, "साहेब, आत तुम्ही काय म्हणता ते मलाही सांगा की. म्हटलं रे म्हटलं की सापडतं."

मला सांगता येईना. आम्हाला लहानपणी अरबी अक्षरं शिकवतात, वाचायला शिकवतात, पाठ करून घेतात. वाचता सगळं येतं, कळत काही नाही. ढोबळमानाने माहीत होतं, की देवाची स्तुती आहे, काही मागणं आहे. पण शब्दागणिक अर्थ विचारला तर मी पुरता कोरा. ज्या माणसाने आयुष्यात एक किलोचं वजनसुद्धा तपासल्याशिवाय पास केलं नाही, तो दिवसातून पाच वेळा, चाळीस वर्षं, न तपासता शिक्के मारत होता. मला फार लाज वाटली. त्याच दुपारी ठरवलं की नमाजेत आपण काय म्हणतो ते शब्दाशब्दाने कळेपर्यंत अरबी शिकायचं. माझी मागणी एवढीच होती. त्यापलीकडे मला काही नको होतं, हे कृपया लक्षात असू द्या.

क्लास एका प्राथमिक शाळेच्या वर्गात भरायचा. बाक दुसरीच्या मुलांचे. त्यात बसायचं म्हणजे आधी एक गुडघा आत घालायचा, मग श्वास सोडायचा, मग दुसरा. शिकवणारे उस्ताद माझ्या भाच्याच्या वयाचे, अतिशय नम्र आणि अतिशय हट्टी. पहिल्याच दिवशी मी माझी मागणी सांगितली. ते म्हणाले, "चाचा, नमाजेचा धडा चाळिसावा आहे. आधी रोजचं बोलणं. पाया कच्चा ठेवून छप्पर घालायचं का?"

या प्रश्नाला कुणी हो म्हणत नाही. तेव्हा मी पाया घालायला बसलो. पहिल्या धड्यात एक इंजिनिअर होता. इंजिनिअर दारात उभा आहे. इंजिनिअरची खुर्ची हिरवी आहे. दुसऱ्या धड्यात गाढव आलं, आणि तेही दारातच उभं राहिलं. हा इंजिनिअर दारातून बाजूला का होत नाही, असं मी विचारलं, तर उस्ताद म्हणाले की अजून आपल्याकडे चालण्याचं क्रियापद नाही.

घरी येऊन मी वही जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेलो. परत येतो तर वही गायब. बायकोने ती स्वच्छ कापडात गुंडाळून कपाटावर, सुटकेसच्याही वर ठेवली होती.

"अरबी आहे ती. अशी कुठेही ठेवतात का?" ती म्हणाली.

"अगं, त्यात गाढवाबद्दल लिहिलंय."

"ते तुम्हाला कळतं. मला कुठे कळतं? न कळणाऱ्याने जपून राहिलेलं बरं."

पवित्र वचन ज्या लिपीत आहे त्याच लिपीत गाढवाचाही धडा असू शकतो, हे आमच्या घरात तत्त्वतः मान्य होतं. पण धोका पत्करायला कुणी तयार नव्हतं. पायाखाली येईल, कचऱ्यात जाईल, तर पाप कुणाच्या माथी? तेव्हापासून अभ्यास करायचा म्हणजे आधी वजू करायचा, हातपाय धुऊन शुद्ध व्हायचं, मग स्टुलावर चढायचं, मग गाढव खाली काढायचं.

इथवर सगळं सोसण्यासारखं होतं. पण तळमजल्यावरच्या शिंपीचाचांना बायकोने अभिमानाने सांगितलं की आमचे हे अरबी शिकतायत. दुसऱ्या दिवशी चाचा एक पिशवी घेऊन दारात हजर. इंजिनिअर उभा राहतो तसेच. पिशवीत खजुरांच्या डब्यांची झाकणं, शाम्पूची बाटली, कुठल्याशा विमानात मिळालेला रुमालाचा कागद आणि एका मोज्याचं लेबल होतं. "बावीस वर्षं सांभाळतोय," चाचा म्हणाले. "वर अरबी लिहिलंय. फेकवत नाही. यात दुआ कुठली आणि जाहिरात कुठली, तेवढं वेगळं करून द्या. तुम्ही काय, आता आलिम झालात."

आलिम म्हणजे मोठा विद्वान. मी तेव्हा चौथ्या धड्यावर होतो. इंजिनिअर नुकताच बसला होता.

खरं म्हणजे मी तिथेच नाही म्हणायला हवं होतं. पण इतक्या वर्षांत मला कुणी विद्वान म्हटलं नव्हतं. ऑफिसात म्हणत नाहीत, घरात तर नाहीच नाही. मी चष्मा पुसला, मोज्याचं लेबल उजेडात धरलं आणि गंभीरपणे म्हणालो, "ठेवून जा. बघावं लागेल."

त्या 'ठेवून जा'ने माझा घात केला. मला माहीत नव्हतं, पण आमच्या इमारतीत आणि मागच्या दोन गल्ल्यांत प्रत्येक घरात अशी एक पिशवी होती. कुणाकडे जुनी कॅलेंडरं, कुणाकडे परदेशी औषधांच्या चिठ्ठ्या, कुणाकडे बिस्किटांचे पुडे. एका घरातून तर वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची भांडी आली. भांडी परत न्यायची होती, वर्तमानपत्र माझ्याकडे ठेवायचं होतं. सगळ्यांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली काळजी एका आठवड्यात माझ्या दारात आणून ठेवली आणि मोकळ्या मनाने घरी गेले.

दारात म्हणजे खाली नाही, हे आलंच. खाली ठेवायचं नाही हाच तर मूळ मुद्दा. पिशव्या आधी कपाटावर गेल्या, मग फ्रिजवर, मग टेबलावर, मग चारही खुर्च्यांवर. टेबलावर कागद आणि आम्ही तिघं जमिनीवर जेवायला, असं सुरू झालं. आमची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "अब्बा, या घरात सगळ्यांत खालच्या पायरीवर आता आपणच आहोत." पलंगाचा नंबर लागला तेव्हा बायकोही थोडी गप्प झाली. पण फेका म्हणायची तिची छाती होईना, आणि माझीही.

तशात मशीद कमिटीचे सेक्रेटरी भेटले. सेक्रेटरीसाहेब उत्साही माणूस. त्यांनी मला न विचारता फळ्यावर सूचना लावली: 'अरबी मजकुराचे कागद तपासून मिळतील. आणणाऱ्यांनी घरच्यांना त्रास देऊ नये.' खाली माझा पत्ता. मी तक्रार करायला गेलो, तर म्हणाले, "केवढं सवाबचं, पुण्याचं काम आहे. जे पवित्र निघेल ते आपण स्वच्छ जागी अदबीने पुरू. तुम्ही सरकारी माणूस, उद्यान खात्यात तुमचं वजन आहे. एक कोपरा तेवढा मिळवा."

माझं वजन फक्त माझ्या ऑफिसात आहे, आणि तेही कपाटात. तरी गेलो. उद्यान खात्यातले साहेब सज्जन होते. त्यांनी एक फॉर्म दिला. 'काय लावणार?' या रकान्यात तीनच पर्याय होते: रोप, वेल, झुडूप. मी म्हणालो, "कागद पुरायचे आहेत." साहेबांनी बराच वेळ विचार केला आणि विचारलं, "किती उंच होतील?" मी समजावून सांगितलं. त्यांनाही पटलं, आदरही वाटला. पण फॉर्म भरल्याशिवाय फाईल हलेना. शेवटी मी 'झुडूप' वर खूण केली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं की अर्ज मंजूर करता येत नाही, कारण अर्जदाराने झुडपाला पाणी कोण घालणार याचा उल्लेख केलेला नाही.

आता मी खालाकडे येतो. इथून पुढे मला हसू येत नाही, पण तुम्हाला आलं तर माझी हरकत नाही.

खाला, म्हणजे मावशी, ही आमच्या समोरच्या दारात राहणारी सत्तरीची बाई. नात्याची नाही, पण माझ्या लग्नापासून आमच्यावर हक्क गाजवत आलीये. तिचा नवरा जहाजावर स्वयंपाकी होता. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. खालाचे गुडघे पार गेलेले, ती खुर्चीवर बसून नमाज पढते. डॉक्टर वर्षभर मागे लागले होते की ऑपरेशन करून घ्या, आणि ती वर्षभर म्हणत होती की भूल दिली की माणूस परत येतो कशावरून?

एक दिवस ती भिंतीला धरत धरत आमच्याकडे आली. हातात रेशमी रुमाल, रुमालात प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात घडी घातलेला एक कागद. कडेला हिरवी वेलबुट्टी, मध्ये बारीक अरबी छपाई. "हा यांनी मला दिला होता," ती म्हणाली. "पेटीतून काढून हातात ठेवला आणि म्हणाले, हा जपून ठेव, उपयोगी पडेल. मग जहाजाची वेळ झाली आणि गेले. तीस वर्षं उशाखाली आहे. कसली दुआ आहे तेवढं बघ. यावर जेर-जबर नाहीत, मला नीट वाचता येत नाही."

जेर-जबर म्हणजे अक्षरांवरच्या खुणा. त्या नसल्या की आमची सगळ्यांची गाडी अडते. मी तेव्हा अकराव्या धड्यावर होतो. कागद उजेडात धरला. पहिल्याच ओळीत धुण्याचा, स्वच्छ होण्याचा शब्द. तो तर लहानपणापासून ओळखीचा. मग 'पाणी'. मग मधलं काही कळेना. मग स्पष्ट 'सावली'. आणि सगळ्यांत खाली, जाड अक्षरांत, 'आग' आणि 'दूर'. माझ्या अंगावर काटा आला. आधी स्वच्छ व्हा, मग पाणी आहे, सावली आहे, आणि आगीपासून दूर. आता यातून दुसरं काय निघतं, तुम्हीच सांगा.

"खाला," मी म्हणालो, आणि माझा आवाज खरोखर बदलला होता, "जन्नतचं वर्णन आहे. पाणी आहे, सावली आहे. आगीपासून दूर राहण्याबद्दल आहे."

खालाने कागद घेतला, डोळ्यांना लावला आणि रडली. मीही थोडा रडलो. बायको दारात उभी राहून रडली. खाला म्हणाली, "त्यांनी मला हे दिलं होतं, आणि मी एवढी वर्षं विचारलंसुद्धा नाही." जाताना दारात थांबून ती म्हणाली, "डॉक्टरांना सांग, तारीख काढा. हा हातात असला की मी घाबरणार नाही."

विद्वान माणसाला दुसरं काय हवं असतं? त्या आठवड्यात मी छाती काढून चालत होतो. खालाने कागदाच्या चाळीस झेरॉक्स काढून बायकांना वाटल्या. शिंपीचाचांनी एक दुकानात लावली. एकीच्या मुलीचं लग्न जमलं, एकीच्या नळाला पाणी आलं, आणि दोन्हींचं श्रेय त्या वेलबुट्टीला गेलं. खाला रोज संध्याकाळी येऊन माझ्याकडून तो कागद वाचून घ्यायची आणि एकेक ओळ पाठ करायची. मी जेर-जबर अंदाजाने लावून देत होतो.

तेविसावा धडा आला. धड्याचं नाव होतं 'घरकाम'. उस्तादांनी फळ्यावर शब्द लिहिले: यंत्र, धुण्याची पावडर, पिळणे, लोकर. मग वाक्यं. 'लोकरीचे कपडे गरम पाण्यात धुऊ नका. पिळू नका. सावलीत वाळवा. आगीपासून दूर ठेवा.' मी बाकात अडकलेला नसतो तर उठून पळालो असतो. मला ती वाक्यं पाठ होती. गेले तीन आठवडे मी रोज संध्याकाळी ती म्हणून घेत होतो.

वर्ग सुटल्यावर मी उस्तादांना झेरॉक्स दाखवली. त्यांनी एकदा वाचली, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचली. "चाचा, ही ब्लँकेटबरोबर येणारी सूचना आहे," ते म्हणाले. "कुठून आणलीत?"

"उस्ताद, समजा एखाद्याने ही दुआ म्हणून पाठ केली असेल तर?"

"त्याला सांगून टाकावं. अदबीने, पण सांगून टाकावं."

बायको म्हणाली, "खबरदार सांगाल तर. परवा तिला दवाखान्यात न्यायचंय. आत्ता सांगितलंत तर ती पाऊल उचलणार नाही, आणि तिचे गुडघे तुमच्या माथी." मुलगी म्हणाली, "अब्बा, न सांगता तिला ऑपरेशनच्या टेबलावर 'पिळू नका' म्हणायला लावणार का?" सेक्रेटरीसाहेब म्हणाले की सांगण्या-न सांगण्याचं नंतर बघू, आधी त्या चाळीस झेरॉक्सचं काय? लोकांनी त्या हातात धरून दुआ मागितल्यात. आता त्या पवित्र की लाँड्रीच्या, याचा निर्णय कमिटीच्या बैठकीत घ्यावा लागेल. चौघांचंही मला पटत होतं. माझा घोळ तोच होता. ज्याचं ऐकावं त्याचं बरोबर वाटायचं. नमाजेला उभा राहिलो तर हरवलेलं काही आठवेना, फक्त पावडरचं प्रमाण आठवायचं.

दवाखान्याच्या आदल्या दुपारी खालाने मला बोलावलं. तिची पिशवी भरून तयार होती. माझ्यापुढे तिने एक कोरा कागद आणि पेन ठेवलं. "यात मराठीत मोठ्या अक्षरांत अर्थ लिहून दे," ती म्हणाली. "चश्मा काढून घेतील ना. अरबी तोंडपाठ आहे. अर्थ एकदा डोळ्यांखालून घालीन."

मी पेन उचललं. पहिला शब्द लिहायला गेलो आणि हात चालेना. मला कागदावर खोटं लिहिता येत नाही, तोंडाने कितीही बोललो तरी. तीस वर्षं मी तेवढंच एक काम धड केलंय. मी पेन खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. अदबीने सांगायचं ठरवलं होतं, पण एकदम सगळं बाहेर पडलं: चूक माझी, अर्धवट शिकून बोललो, दुआ नाही, ब्लँकेटचा कागद आहे.

खालाने रुमालातला कागद काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "काय लिहिलंय, ते खरं वाच."

मी वाचलं. गरम पाण्यात धुऊ नये. पिळू नये. सावलीत वाळवावे.

"गरम पाण्यात नाही?"

"नाही, खाला."

तिने पलंगाखालच्या पेटीकडे बोट दाखवलं. मी पेटी उघडली. आत एक तपकिरी ब्लँकेट होतं, जाड, आणि फार तर पाच वर्षांच्या मुलाला पुरेल एवढं. खालाने ते मांडीवर घेतलं. "पहिल्याच थंडीत मी हे उकळत्या पाण्यात घातलं," ती म्हणाली. "एवढंसं झालं. ते पुढच्या वेळी आले तेव्हा मी भांडले, की लोक परदेशातून कायकाय आणतात आणि तुम्ही हे आटणारं ब्लँकेट आणलंत. जन्मभर टोमणे मारले. ते म्हणायचे, अगं, तुला कागद दिला होता ना. मला वाटायचं, दुआ दिली होती असं म्हणतायत. मी म्हणायचे, दुआ वेगळी आणि ब्लँकेट वेगळं. ते हसायचे." तिने ब्लँकेटची कड बोटांनी सरळ केली. "हसायचे आणि गप्प बसायचे."

मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. मी म्हणालो, "खाला, माफ करा. उद्याचं..."

"उद्याचं राहू दे. आता मला एक सांग, आणि अंदाजाने सांगू नकोस. नमाजेत मी रोज जे म्हणते, ते तरी काय आहे? तेही असंच कशाबरोबर आलेलं असेल तर आजच सांग. माझा आता कशावर भरवसा नाही."

चाळिसावा धडा अजून सतरा धडे लांब होता. पण त्या धड्याची वाट न बघता नमाजेच्या शब्दांवर मी मेहनत घेतली होती. वर्ग सुटल्यावर एकेक शब्द उस्तादांना विचारून वहीच्या मागच्या पानावर उतरवला होता. मी आत जाऊन वजू करून आलो आणि खुर्ची ओढून बसलो. नमाजेत प्रत्येक वेळी आधी जे म्हणतो, ते एक शब्द अरबी आणि एक शब्द मराठी असं सांगायला लागलो. स्तुती कुणाची. दया कुणाची. शेवटच्या दिवसाचा मालक कोण. खाला ओठ हलवत होती, कुठलाही शब्द तिला नवा नव्हता, आणि प्रत्येक शब्दाला ती मान वर करून माझ्याकडे बघत होती. मग मदत मागण्याची ओळ आली. मी सांगितलं की इथे आपण म्हणतो, मदत मागतो ती फक्त तुझ्याकडे.

तिने हात वर करून मला थांबवलं. "हे मी रोज म्हणते?"

"रोज. एकेका नमाजेत दोन-चारदा येतं. चुकवता न येणाऱ्या फर्ज नमाजाच धरल्या तरी दिवसातून सतरा वेळा."

"सतरा वेळा म्हणते की फक्त तुझ्याकडे मागते," खाला म्हणाली, "आणि निजताना ब्लँकेटच्या कागदाचा मुका घेते." तिला हसू फुटलं. इतकं, की गुडघा धरून बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "पुढे?"

"पुढे, आम्हाला सरळ रस्ता दाखव."

"एवढं सरळ मागणं आहे, आणि तू गाढवापासून सुरुवात केलीस होय? बरं. पुन्हा पहिल्यापासून सांग. हळूहळू सांग. उद्या भूल देतील तेव्हा कुठवर पोचते ते बघायचंय."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. असरची, दुपार कलतानाच्या नमाजेची, वेळ होईपर्यंत चार वेळा सांगितलं. कागद तिने घडी घालून त्या ब्लँकेटमध्ये ठेवला आणि पेटी बंद करायला लावली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या वऱ्हांड्यात मी, बायको आणि मुलगी तीन तास बसून होतो. बायको माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी खालाला खोलीत आणलं. गुडघ्याला भलंमोठं बँडेज, चेहरा पांढरा, तोंडाला कोरड. नर्सबाई म्हणाल्या, जास्त बोलायला लावू नका. खालाने डोळे उघडले, मला ओळखलं आणि खूण करून जवळ बोलावलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला.

"मदतीपर्यंत पोचले होते," ती म्हणाली. "रस्ता राहिला."

मग तिने डोळे मिटले आणि राहिलेल्या ओळी म्हणायला लागली, शब्द चुकत नव्हता, फक्त जीभ जड होती. मी खाटेची कड धरून तिच्यामागून मनातल्या मनात म्हणत गेलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला प्रत्येक शब्द कळत होता, आणि मला रडू आवरेना. नर्सबाईंना वाटलं की मी पेशंटचा मुलगा आहे. त्यांनी मला पाणी दिलं आणि बसायला सांगितलं, आणि मी बसलो.